तुमची व्हीसी चालते, मग लेकरांचा व्हिडिओ कॉल का चालत नाही? गटशिक्षणाधिकारी साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
(आणि ज्यांच्या घरातलं लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं ते सगळे)

साहेब, नमस्कार.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमची सूचना पडली. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, तरी करंगळीने उघडून वाचली कारण तुमच्या ग्रुपवरचं उशिरा वाचलं तर काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहिती आहे. सूचना अशी की शालेय वेळेत सगळ्या शिक्षकांनी मोबाईल मुख्याध्यापकांच्या कपाटात जमा करायचा, वर्गात व्हिडिओ कॉल करायचा नाही, केला तर खुलासा मागवणार, आणि करायचाच असेल तर पंधरा दिवस आधी लेखी परवानगी घ्यायची. दोन मिनिटांत खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातला एक माझा होता, तेही कबूल करते. पण रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहायला बसले.

सूचना का निघाली ते सगळ्यांना माहिती आहे. कुठल्यातरी शाळेत एक गुरुजी खुर्चीत बसून मोबाईल बघतायत आणि पोरं मागे कुस्ती खेळतायत असा व्हिडिओ फिरला. तो मी पण बघितला, लाज वाटली. त्या गुरुजींवर जी कारवाई करायची ती करा, मी मध्ये बोलणार नाही. पण एकाने कोयता चुकीचा चालवला म्हणून सगळ्या टोळीचे कोयते जमा केले तर फड कोण तोडणार?

आता माझं काय जळतंय ते सांगते.

माझी शाळा द्विशिक्षकी, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली. गावाला पाऊस झाला तर एक पीक, नाहीतर तेही नाही, म्हणून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला गाव रिकामं होतं. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, तो कोयता सांगली, कोल्हापूर, कर्नाटक जिथे पाठवतील तिथे जातो आणि मार्च-एप्रिलला परत येतो. तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे एकत्र आहे, पटावर २३. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा समोर १४ बसले होते. बाकीचे ९ आईबापासोबत उसाच्या फडावर. १४ मधले पण निम्मे आज्जीजवळ राहिलेले, कारण हंगामी वसतिगृह यंदा सुरू व्हायला महिना उशीर झाला आणि तोवर ज्यांना आज्जी नव्हती ती गेली.

तुम्ही म्हणाल त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. आहे साहेब, मीच भरून देते, दरवर्षी. कार्ड दाखवलं की तिकडच्या शाळेने बसवून घ्यायचं. पण कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, असतात उसाच्या रानात, शाळा असते दोन-तीन किलोमीटरवर, मधे कारखान्याचा रस्ता आणि त्यावर रात्रंदिवस डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, आणि कोपीत धाकटं भावंडं सांभाळायला दुसरं कुणी नाही. कर्नाटकात गेलेल्याची तर भाषाच वेगळी. पूर्वी कारखान्यांवर ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी साखरशाळा असायच्या, २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, सगळ्यांनी नियमित शाळेतच जायचं असं ठरलं आणि साखरशाळा बहुतेक ठिकाणी बंद पडल्या. कायदा चांगलाच आहे हो. फक्त तो फडापर्यंत चालत जात नाही.

म्हणून गेली तीन वर्षं मी दर बुधवारी आणि शनिवारी व्हिडिओ कॉल करते. वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे, त्याला केबल लावून माझा मोबाईल जोडते, मोबाईल खडूच्या डब्यावर उभा करते, मागे डस्टर. एक छोटा स्पीकर आहे तो माझ्या भाच्याचा जुना. डेटा माझा, दिवसाचा दीड जीबी, कॉलच्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपलेला असतो आणि मग तुमची ऑनलाइन माहिती मी नवऱ्याच्या हॉटस्पॉटवर भरते. हे रडगाणं म्हणून नाही सांगत, हिशोब म्हणून सांगते.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की कॉल लावला, मी फळ्यावर शिकवलं, तिकडे पोराने बघितलं की झालं. काही होत नाही तसं. फळा तिकडे दिसतच नाही, खिडकीतला उजेड चमकतो, १४ पोरं एकदम ओरडली की स्पीकरमधून आवाज घुमतो आणि पलीकडचं पोरगं हॅलो हॅलो करत बसतं. पहिल्या वर्षीचे माझे निम्मे कॉल फुकट गेले, कुणी तेव्हा खुलासा मागवला असता तर मी मुकाट दिला असता.

आणि एक गोष्ट घडली ती सांगितलीच पाहिजे, माझ्याविरुद्ध जाते तरी. चौथीतला एक मुलगा कॉलवर होता, त्याने मोबाईल फिरवला आणि मागे कोपी दिसली, पाचटाची, दारात त्याची धाकटी बहीण मातीत बसलेली, अंगावर काही नाही. वर्गात एक जण हसला, मग चार हसले. कॉल कट झाला. नंतर अकरा दिवस तो मुलगा कॉलवर आला नाही, बाप म्हणायचा मोबाईल चार्ज नाही. चार्जिंगचं कारण मला कळत होतं. चूक पोरांची नव्हती, माझी होती. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं ते कसं हे मीच त्यांना शिकवलं नव्हतं आणि त्या मुलाला आधी विचारलं पण नव्हतं.

त्यानंतर नियम केला. फडावरच्या पोराचा कॅमेरा चेहऱ्यावर नाही, घरावर नाही, फक्त वहीवर. मोबाईल उलट्या पातेल्यावर ठेवायचा, कडेला एक वीट, खाली वही. टीव्हीवर दिसतो नुसता एक हात, पेन्सिल आणि वही.

आणि साहेब, इथे मला खरं शिकवायला मिळालं. तोच मुलगा परत आला. बेचाळीसमधून सतरा वजा करत होता. उत्तर आलं पस्तीस. वर्गात असता तर मी वही गोळा करून लाल फुली मारली असती आणि पुढे गेले असते, २३ वह्यांत कुणाचं काय चुकलं ते बघायला वेळ कुठे असतो. इथे मला त्याची पेन्सिल दिसत होती. पेन्सिल आधी खालच्या सातवर गेली, मग वर दोनकडे, सातातून दोन गेले पाच. म्हणजे त्याला हातचा येत नव्हता असं नाही, तो प्रत्येक वेळी मोठ्यातून लहान काढत होता, वर कुठला खाली कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दोन वर्षं तो माझ्याच वर्गात आहे आणि हे मला तीनशे किलोमीटरवरून टीव्हीवर कळलं.

म्हटलं, पाचटाच्या काड्या घे. दहा-दहाच्या मोळ्या बांध. चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या. आता सतरा दे मला. तो थांबला. सुट्या दोनच, पाहिजेत सात. वर्गातली पोरं श्वास धरून टीव्हीकडे बघतायत. मग त्या हाताने एका मोळीची गाठ सोडली आणि आवाज आला, बाई, मोळी सोडली की बारा होत्यात. मोळी बांधणं-सोडणं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, आईला दिवसभर तेच करताना बघतो. त्या दिवशी वर्गातल्या आणखी तिघांना वजाबाकी कळली, मी त्यांना वेगळं काही सांगितलं नाही. आता आमच्या वर्गात दशकाला दशक कुणी म्हणत नाही, मोळीच म्हणतात, केंद्रप्रमुख आले तेव्हा जरा गोंधळले.

हा झाला फडाचा कॉल. दुसरा एक प्रकार आम्ही महिन्यातून एकदा करतो, त्याला पोरं 'वळखा जिल्हा' म्हणतात. दुसऱ्या जिल्ह्यातली एक शाळा, तिचं नाव-गाव पोरांना सांगायचं नाही, हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारून जिल्हा शोधायचा. माझी काही ही अक्कल नाही, जगभर शिक्षक हा खेळ स्काइपवर खेळायचे, मिस्ट्री स्काइप म्हणायचे त्याला. स्काइप २००३ ला आलं, ५ मे २०२५ ला बंद झालं, खेळ मात्र कशावरही चालतो. तर पोरांसमोर महाराष्ट्राचा नकाशा, ३६ जिल्हे. आमच्या एकीने विचारलं, तुमच्या जिल्ह्याला समुद्र आहे का? हो. नकाशावरचे २९ जिल्हे एका प्रश्नात गेले, राहिले ७. मग कुणीतरी विचारलं शेजारी दुसरं राज्य आहे का? हो. आता पालघर नाहीतर सिंधुदुर्ग. गोवा जवळ आहे का म्हटल्यावर पलीकडून सगळी पोरं हसायला लागली. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात तो नकाशा वर्षभर असतो, पण असा खाऊन टाकल्यासारखा मी त्यांना कधी वाचताना बघितला नव्हता.

मग त्यांची पाळी. त्यांनी विचारलं तुमच्याकडे साखर कारखाना आहे का? आमच्याकडे हो-नाही ठरेना, कुजबुज सुरू झाली. शेवटी एक जण उठून बोलला, "कारखाना तिकडं हाय, माणसं आमच्याकडची." हो-नाहीचा नियम मोडला पण मी काही बोलले नाही. पलीकडच्या बाईंनी पण नाही. नंतर त्यांनी मोबाईल हातात धरून शाळेमागची वाट उतरली आणि समुद्र दाखवला. आमच्यातल्या एकाने विचारलं, ह्यो आवाज रात्री बंद करत्यात का?

या पंधरा-वीस मिनिटांसाठी आम्ही आधी दोन दिवस तयारी करतो. प्रत्येकाचे दोन प्रश्न वहीत लिहून, एक जण माइकजवळ, एक जण नकाशावर खुणा करणारा, एक जण लिहून घेणारा, बाकीचे उजेडाकडे तोंड करून. झूमचा फुकटचा कॉल चाळीस मिनिटांनी तुटतो म्हणून लोक वैतागतात, मला तर वीस मिनिटांच्या पुढे तिसरीच्या पोरांना पडद्यासमोर ठेवावंसंच वाटत नाही. व्हिडिओ कॉल म्हणजे शाळा नव्हे, कोरोनात ते सगळ्यांनी बघून झालंय, ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता ती पोरं दीड वर्षात अक्षरं विसरून परत आली. मी ऑनलाइन शाळा मागत नाहीये. माझ्या भरलेल्या वर्गाला आठवड्यातून दोनदा एक खिडकी मागतेय.

आता तुमच्या सूचनेबद्दल.

मोबाईल कपाटात ठेवा म्हणता. ठेवते. मग पोषण आहाराची रोजची माहिती कशावर भरू? हजेरी कशावर पाठवू? झाड लावलं, हात धुतले, शपथ घेतली, दिंडी काढली याचे जिओटॅग फोटो "आजच तीन वाजेपर्यंत" पाहिजेत असा मेसेज दुपारी पावणेदोनला येतो तो कपाटातल्या मोबाईलला कसा कळणार? म्हणजे मोबाईल वर्गात नको असं तुमचं म्हणणं नाहीच आहे. तुमच्या कामाला असला तर चालतो, लेकरांच्या कामाला असला की खुलासा.

त्यात तुमच्या व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या बैठका. गेल्या महिन्यात शाळेच्या वेळेत पाच व्हीसी झाल्या, मी तारखा लिहून ठेवल्यात. एक तर दीड तासाची, त्यातला अर्धा तास "आवाज येतोय का, सगळ्यांनी आपापले माइक बंद करा" यात गेला. दोन शिक्षकांची शाळा, हेडसर व्हीसीला, मग पहिली ते चौथी चारही वर्ग माझ्याकडे. तो व्हिडिओ कॉलच असतो ना साहेब? त्याला पंधरा दिवस आधी कुणाची परवानगी लागते? गंमत म्हणजे एका व्हीसीचा विषय होता अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर.

पंधरा दिवसांचं तर सोडूनच द्या. टोळीचा मुक्काम कधी हलेल ते मुकादमालाही आदल्या दिवशी कळतं. घरात मोबाईल एकच, तो बापाकडे, बाप गाडीसोबत कारखान्याच्या यार्डात नंबर लावून बसलेला. मोबाईल कोपीवर आहे, चार्ज आहे, रेंज आहे आणि पोरगं मोकळं आहे असं सगळं जुळून येतं ते सकाळी दहाला कळतं आणि एक वाजता कॉल करावा लागतो. तुमची परवानगी येईपर्यंत तो फड तुटून गेलेला असेल.

आणि हे पण आठवून बघा. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रमध्ये शाळा डिजिटल करा, लोकवर्गणी काढा म्हणून आम्हाला गावभर फिरवलं. गावातल्या लोकांनी ऊसतोडीच्या पैशातून शंभर-दोनशे रुपये दिले, त्यातून तो टीव्ही आला. २०२० ला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी सगळे त्यांना ओळखतात, पण पोरांना वर्गात बसून व्हिडिओ कॉलवर दुसरे देश दाखवायचं काम पण ते करत होते. जिल्हा परिषदेचा शिक्षक जगात पहिला म्हणून तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तेच काम माझ्यासारखीने डोंगरात केलं की शिस्तभंग?

मुलांच्या सुरक्षेचं कारण तुम्ही द्याल आणि ते खोटं नाही, वर कोपीची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पण अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीय. मी दिवाळीआधीच नऊही घरांत जाऊन सही-अंगठा घेतलाय, रेकॉर्डिंग करत नाही, स्क्रीनशॉट काढत नाही. पण मग तालुक्याच्या ग्रुपवर रोज शेकडो लेकरांचे चेहरे जिओटॅगसकट पडतात, त्यांच्या आईबापांना कुणी विचारलं?

माझ्या मागण्या साध्या आहेत, एकदाच नीट सांगते.

सूचनेतलं व्हिडिओ कॉलचं कलम मागे घ्या. परवानगीच्या जागी नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, कुणाशी, कुठला पाठ, किती मिनिटं, मुख्याध्यापकांची सही. केंद्रप्रमुखांनी कधीही तपासावी. माझी वही तीन वर्षांची तयार आहे.

मुलांच्या कॉलसाठी तालुक्याने एक पानाची नियमावली काढावी. पालकांची लेखी संमती, रेकॉर्डिंग नाही, फडावरच्या मुलाचा कॅमेरा वहीवर, अनोळखी माणसाशी कॉल नाही, पलीकडे कुणीतरी मोठं माणूस हजर. हे लिहायला समिती नको, एक दुपार पुरेल, मी येते.

फडावरून कॉलवर बसलेल्या दिवसांची हमी कार्डावर नोंद व्हावी. हजेरी द्या म्हणत नाही, नुसती नोंद, म्हणजे एप्रिलमध्ये पोरगं परत आल्यावर त्याचं काय झालंय आणि काय राहिलंय ते पुढच्या शिक्षकाला कळेल.

शाळेला शाळेचा एक मोबाईल किंवा टॅब आणि त्याचं रिचार्ज द्या. वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान येतं, त्यातच खडू, झाडू, रंग, दुरुस्ती, सगळं. त्यातून भागत नाही हे तुम्हालाही माहिती आहे.

आणि शाळेच्या वेळेतली व्हीसी बंद करा. पाच नंतर घ्या, आम्ही बसू.

मी काही युनियनची नाही, कुणी मला पुढे केलेलं नाही. हे पत्र वाचून माझा खुलासा मागवाल तर हेच पत्र खुलासा म्हणून जोडेन, दुसरं माझ्याकडे काही नाही.

येत्या बुधवारी एक वाजता कॉल आहे. सहा मुलांचं पक्कं आहे, तिघांची टोळी आज-उद्या हलणार म्हणतात, बघू. विषय तीन अंकी वजाबाकी, मोळ्यांचा भारा बांधायचाय. मोबाईल सकाळीच हेडसरांच्या कपाटात ठेवणार आहे, पावणेएकला त्यांच्या सहीने बाहेर काढणार, कॉल संपला की परत ठेवणार, तिन्ही वेळा वहीत लिहिणार. तुम्ही आलात तर मागच्या बाकावर बसा, खिडकीकडे मात्र पाठ करू नका, पलीकडच्यांना तुम्ही काळे दिसाल.

आपली,
एक उपशिक्षिका, तिसरी-चौथी

ता. क. शाळेचं लाइटबिल दोन महिन्यांचं थकलंय, सादिल, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे, आलेलं नाही. वायरमन गावचाच आहे म्हणून अजून कनेक्शन आहे. बुधवारपर्यंत त्याने कापलं तर टीव्ही चालणार नाही, मग मोबाईलच्या पडद्याभोवती चौदा डोकी गोळा होतील, तेव्हा कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकू नये ही विनंती.